लक्ष देणे आणि लक्ष ठेवणे

भंडारा जिल्ह्यातील बपेऱ्यासारख्या गावी बाजाराहून रात्री परतणारा गाडीवान पूर्वी निर्धास्तपणे डुलकी घेई; बैलांना घरची वाट ठाऊक असे. चालक-साहाय्य यंत्रणा बसविलेली मोटार तीच निर्धास्तता देऊ करते. परंतु तिला वाट ठाऊक नसते.

मराठीत ‘लक्ष देणे’ म्हणजे स्वतःच्या कृतीत मन घालणे. ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कृतीची राखण करणे. वेग, पुढील वाहनापासूनचे अंतर आणि मार्गिकेतील स्थान यंत्र सांभाळू लागले, की चालकाचे अवधान पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात उतरते. ही राखण मनुष्यास फार काळ साधत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घड्याळासारख्या तबकडीवरील काट्याची क्वचित घडणारी दुहेरी उडी ओळखण्याची अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घसरली.

मार्गिका दाखविणारे पांढरे पट्टे पुसट झाले, की यंत्राचे साहाय्य एकाएकी खंडित होऊ शकते. त्या क्षणी राखणदाराला पुन्हा सारथी व्हावे लागते. त्यास एका सेकंदाचा विलंब झाला, तरी ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे २२ मीटर पुढे गेलेली असते. आणि तेवढ्याच अंतरावर, अंधारात, एखादी बैलगाडी असू शकते.