छताचा रंग आणि नर्मदेवरचं ऊन

अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना रस्त्यापेक्षा पाण्याची वाट सोयीची आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली 33 गावं सापडली. तिथे बाजारहाट, आजारी माणूस, लसींची पेटी, सगळं बोटीने जातं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आधार असतो तो बोटीच्या छताचा.

निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं. काळा रंग त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. चांगला पांढरा ऑइलपेंट वीस-पंचवीस टक्केच. छत पाच चौरस मीटरचं धरा. काळं असेल तर साडेचार किलोवॅटहून जास्त उष्णता डोक्यावर, पांढरं असेल तर एक-सव्वा.

मग कोरा चकचकीत पत्राच बरा की, असं वाटेल. इथेच फसगत होते. पत्रा ऊन परतवतो खरा, पण जे शोषतो ते बाहेर टाकायला फार कंजूष. रंगाचा थर मात्र, पांढरा असो वा काळा, आतली उष्णता भराभर आकाशाकडे सोडतो. म्हणून डोळे दिपवणारा पत्रा पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो, हात लावला की चटका बसतो.

चकाकीचा प्रश्न वेगळाच. गुळगुळीत पृष्ठभाग ऊन एकाच दिशेला फेकतो आणि ते नेमकं नावाड्याच्या डोळ्यांत जातं. खरबरीत मॅट रंग तेच ऊन चहूकडे विखुरतो. छताची वरची बाजू नावाड्याच्या डोळ्यांच्या वर असते, म्हणून तिला चकचकीत पांढरा चालतो, तो पुसायलाही सोपा. पण नावाड्यासमोरच्या फळीला फिकट राखाडी मॅटच हवा. पाण्याखालच्या तळाला डांबर असलं तरी बिघडत नाही, त्याला नदी गार ठेवते. फायबरच्या बोटीला वरून गडद रंग देणं मात्र टाळावं. साध्या पॉलिएस्टर रेझिनला साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरमाई येऊ लागते आणि भर उन्हात गडद पृष्ठभाग तिथवर पोचू शकतो.

पांढरा लवकर मळतो, ही तक्रार खरी आहे. धुळीचा थर बसला की त्याचा गुण कमी होतो. नदीत असून छत धुवायला पाणी नाही, असं तर कोणी म्हणणार नाही! लसी 2 ते 8 अंशांतच टिकतात, तेव्हा त्यांची पेटी छत पांढरं असलं तरी सावलीतच ठेवा. आणि होळीआधी बोट रंगवायला काढाल, तेव्हा पहिला हात छतावर मारा.