छपरावरची वीज घरात घेताना



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झाले. त्यानंतर आपल्याकडेही बऱ्याच घरांवर सोलर पॅनेल दिसू लागली. गोष्ट चांगलीच आहे. परंतु लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदांच्या घरी आम्ही जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

लग्नघर, भर दुपार. बोर्डातून जळका वास येत होता. मेन बंद करून झाकण काढले, तर ब्रेकर ज्या पट्टीवर बसतात ती काळवंडलेली. आणि ब्रेकर मात्र एकही पडलेला नाही! घरधनी म्हणाले, "साहेब, लोड जास्त असता तर मेन पडला असता की!"

आम्ही पडलो शेतीवाले. म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातील मंडळींकडून समजून घेतले. ते असे.

समजा, शेतातला पाट ४० च्या मापाचा आहे. कॅनॉलचे ४० पाणी त्यात मावते. आता त्याच तोंडाशी विहिरीचे १३ पाणी सोडले, आणि पुढच्या सऱ्यांनी ५० ओढले, तर पाट फुटणारच. बोर्डातली पट्टी म्हणजे हा पाट. ३ किलोवॅटचा सोलर सुमारे १३ अँपिअर देतो. घराने ५० अँपिअर ओढले, तर मेनमधून ३७ च जातात. ४० चा मेन पडेल कशाला? पट्टीवर मात्र ५० चा भार येतो.

विहिरीचे पाणी पाटाच्या दुसऱ्या टोकाने सोडले, तर दोन्ही पाणी मधल्या सऱ्यांत वाटले जाते. म्हणूनच अमेरिकेच्या विद्युत संहितेत एक नियम आहे. सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला बसवावा, आणि मेन ब्रेकर अधिक सोलरच्या प्रवाहाची सव्वापट, ही बेरीज पट्टीच्या क्षमतेच्या १२० टक्क्यांवर जाऊ नये. हा हिशेब आपल्यालाही डोळे उघडणारा आहे. ४० च्या पट्टीला मर्यादा ४८. आपली बेरीज ४० अधिक १६, म्हणजे ५६. बसत नाही! पट्टी ६३ ची घेतली तर मर्यादा ७५ होते, मग बसते.

दुसरी तक्रार नेहमीची. "डोक्यावर ऊन आहे, तरी लाईट गेली की सोलर बंद का?" कारण त्या वेळी खांबावर वायरमन चढलेला असतो. आपली वीज उलटी तारेत गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. त्यात कोणाकडूनही 'जुगाड' करून घेऊ नये. तो वायरमनही कोणाच्या तरी घरचा कर्ता आहे.

सभासदांनी एवढे करावे :

१) काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.
२) पट्टी, मेन व सोलर यांचे अँपिअर कागदावर लिहून मागावे.
३) पॅनेलकडच्या बाजूला डीसीचाच ब्रेकर असावा, घरातला साधा ब्रेकर तिथे ठिणगी विझवू शकत नाही.
४) अर्थिंग उन्हाळ्यात तपासून घ्यावे.

उसाला पाणी देताना आपण पाटाचा बांध आधी बघतो. विजेलाही तोच न्याय लावावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी