फेसाचा पांढरा रंग

मारतहळ्ळीजवळच्या बेळ्ळंदूर तलावावरचा फेस जलरंगात कसा काढायचा? मी पांढरा रंग वापरत नाही. फेसापुरता कागद कोरा ठेवते आणि भोवतालचं काळपट पाणी रंगवते.

त्याआधी पेन्सिलीने बांध आखते. ती आखीव रेघच सांगते, की हा तलाव माणसाने पाणी अडवून केलाय. बांध हेही तंत्रज्ञानच. त्याच्या आसऱ्याने बगळे आले.

फेसही आपलाच. धुण्याच्या पावडरीतली रसायनं सांडपाण्यातून इथे येतात. सांडव्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा मिसळते आणि फेस उठतो. २०१७ मध्ये तर तलावात आग लागली होती.

म्हणून चित्रात बगळ्यांसोबत सांडपाण्याचा नालाही काढा. तो वगळला, तर चित्र सुंदर दिसेल, पण खोटं ठरेल.