घरच्या गॅरेजातील एम.जी.बी. : जुन्या मोटारीच्या संगोपनाचा आढावा

इंग्लंडात टेम्स नदीच्या काठी, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस वसलेल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. नावाची जी छोटेखानी क्रीडामोटार बाहेर पडली, तिची एकूण संख्या पाच लाखांच्या वर गेली. त्या कारखान्याला टाळे लागून चार दशके लोटली, तरी त्यांतील हजारो गाड्या आजही स्वतःच्या चाकांवर हिंडतात-फिरतात. आणि याचे पुष्कळसे श्रेय, रविवारची दुपार घरच्या गॅरेजात पाने आणि ग्रीस यांच्या संगतीत घालवणाऱ्या तिच्या सामान्य मालकांना द्यावे लागते. जुन्या मोटारींचा नाद हा राजेरजवाड्यांचा आणि लक्षाधीशांचा शौक, अशी आपल्याकडे जी समजूत रूढ आहे, तिला ही गाडी सरळसरळ छेद देते. शाळामास्तर, कारकून, निवृत्त रेल्वे-कर्मचारी अशा बेताच्या प्राप्तीच्या माणसांना ती बाळगता आली, याला तीन कारणे आहेत : तिची सुबोध रचना, कोणालाही वाचून समजेल असे छापील मार्गदर्शन, आणि सुट्या भागांचा अखंड पुरवठा. या तिन्हींचा, आणि त्यांच्या आधारे मालकाला जी कामे करावी लागतात त्यांचा, परामर्श घेण्याचा येथे विचार आहे.

रचना

सिड एनेव्हर या अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखाली आकारास आलेल्या या मोटारीत नवलाईपेक्षा विश्वासार्हतेला अधिक मान होता. तिचे १,७९८ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरी इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील, म्हणजे कुटुंबवत्सल माणसांच्या साध्या गाड्यांत वर्षानुवर्षे राबलेल्या घराण्यातील होते. याच घराण्याचे १,४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन १९५५ च्या एम.जी.ए. या तिच्या पूर्वजेत होते, आणि तेच पुढे उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने आपल्या अँबेसिडरला बसवले. कलेक्टर कचेरीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या अँबेसिडरचे बॉनेट ज्याने उघडून पाहिले आहे, त्याला एम.जी.बी.चे बॉनेट उघडल्यावर परकेपणा वाटण्याचे कारण नाही. प्लग, कॉइल, डेल्को, कार्बोरेटर, तेलाचा फिल्टर ही सर्व मंडळी डोळ्यांसमोर, हाताच्या टप्प्यात असतात. मधल्या आकाराच्या पाच-सहा पान्यांत बहुतेक काम उरकते. यंत्र मालकाला समजावे, या हेतूने ते बुद्धिपुरस्सर रचले गेले होते की त्या काळी तसेच रचण्याचा शिरस्ता होता, हा वाद निराळा. परिणाम मात्र मालकाच्या पथ्यावर पडला.

ग्रंथ

यंत्र सोपे असले, तरी सांगणारा लागतोच. ती उणीव भरून काढणारा गृहस्थ म्हणजे जॉन हेन्स. १९३८ साली सिलोनमध्ये जन्मलेल्या हेन्सने शाळकरी वयातच ‘ऑस्टिन सेव्हन’वरून एक हलकी गाडी बनवली आणि ती कशी बनवावी याची छोटी पुस्तिका लिहून विकली. पुढे हवाई दलात एडनला असताना एका सहकाऱ्याच्या ‘स्प्राइट’ गाडीची उस्तवार करताना त्याच्या ध्यानी आले, की निर्मात्याची अधिकृत पुस्तके तयार मिस्त्रीसाठी लिहिलेली आहेत, नवशिक्याच्या हाती ती निरुपयोगी. तेव्हा गाडी प्रत्यक्ष खोलायची, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यायचे, ती परत जुळवायची, आणि मग लिहायचे, असा जाबता त्याने घालून घेतला. १९६६ साली त्याच स्प्राइटवरचे पहिले पुस्तक निघाले. मिस्त्रीच्या हातातली विद्या छापील पानावर उतरवणे आणि ती कोणाही खरीददाराच्या स्वाधीन करणे, हे त्याचे कार्य एखाद्या शिक्षणसंस्थेच्या तोडीचे आहे. तेलाचे डाग पडलेले, पाने सुटलेले हेन्सचे पुस्तक इंग्लंडातल्या असंख्य गॅरेजांच्या फळीवर आजही सापडते.

नित्यनैमित्तिक कामे

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. पहिला शत्रू गंज. एम.जी.बी.ला स्वतंत्र चेसीस नाही. दारांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पेट्या, ज्यांना तिकडे सिल म्हणतात, त्याच गाडीचा भार तोलतात. बाहेरून रंग चकाकत असला, तरी आतल्या आत त्या सडलेल्या असू शकतात. जॅक लावून गाडी उचलली आणि दार नीट उघडेनासे किंवा मिटेनासे झाले, की पेट्यांचा जोर सरला असे खुशाल समजावे. त्या कापून नव्या बसवण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडणे बांधून शरीर ताठ धरून ठेवावे लागते, नाही तर कापताक्षणी गाडी मध्येच वाकते आणि मग दारे जन्मभर जुळत नाहीत. वरवर लांबी भरून रंग मारण्याची जी लबाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्रास चालते, ती या ठिकाणी नुसती फसवणूक न राहता प्राणघातक ठरू शकते.

गंजापाठोपाठ इंजिनाची जुळवाजुळव येते. आठ व्हॉल्व्हचे अंतर तपासताना जुने मिस्त्री नऊचा हिशेब वापरतात, तो मोठा गमतीचा आहे. आठव्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला, की पहिल्याचे अंतर पाहायचे. सहावा दाबला, की तिसऱ्याचे. पाचवा दाबला, की चौथ्याचे. दोहोंची बेरीज सदैव नऊ. इंचाच्या पंधरा सहस्रांश जाडीची फीलर गेजची पट्टी त्या फटीतून किंचित ओढ देत सरकली, म्हणजे टॅपेट बरोबर बसले. पट्टी सैल फिरली तर इंजिन टकटकते आणि अडकली तर व्हॉल्व्ह जळण्याची भीती. तथापि दोन्ही चुकांपैकी टकटकणारी चूक सौम्य, कारण ती ओरडून सांगते. हाच हिशेब अँबेसिडरच्या मिस्त्रीलाही उपयोगी पडतो, कारण घराणे एकच.

कौशल्याची खरी कसोटी मात्र जोड-कार्बोरेटरांपाशी लागते. हे एस.यू. कार्बोरेटर ज्या स्किनर बंधूंच्या नावावर आहेत, त्यांचे घराणे पादत्राणांच्या व्यापारातले, आणि त्यांच्या आरंभीच्या कार्बोरेटरांत चामड्याचा भाता असे. पुढे भात्याची जागा पिस्टनने घेतली, तत्त्व तेच राहिले : इंजिनाची ओढ वाढली, की पिस्टन वर उचलला जातो, त्याला जडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते, आणि हवा व पेट्रोल दोन्हींची वाट एकाच प्रमाणात मोकळी होते. असे दोन कार्बोरेटर एकजीवाने चालवायचे, तर आधी रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा फूत्कार ऐकावा आणि दोहोंचा आवाज सारखा होईतो थ्रॉटलचे स्क्रू फिरवावेत. मग खालच्या बाजूची छोटी पिन दाबून पिस्टन जेमतेम नखभर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर मिश्रणात पेट्रोल अधिक. इंजिन अडखळून बंद पडू लागले, तर पेट्रोल कमी. क्षणभर वाढून पूर्ववत झाला, तर मिश्रण योग्य. जेटखालची षट्कोनी चाकी एकेक बाजूने, म्हणजे एक षष्ठांश फेऱ्याने, फिरवावी आणि दर वेळी पुन्हा ऐकावे. येथे घाई करणाऱ्याचा निभाव लागत नाही.

पुढच्या चाकांचे किंगपिन दर तीन हजार मैलांना ग्रीस मागतात. प्रत्येक बाजूला तीन निपल. चाके जमिनीपासून उचलून, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागून नवे दिसू लागेपर्यंत ग्रीस गन चालवायची, इतके क्षुल्लक काम. पण ते टाळल्याने पिन झिजून सुकाणू जड झालेल्या गाड्या जितक्या आढळतात, तितक्या इंजिन मोडलेल्या आढळत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. रंगावर सांडले तर रंग उठतो, हेही ध्यानात ठेवावे. मागच्या ड्रममधील जुनी धूळ तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. घोड्या लावल्याखेरीज जमिनीवर पाठ टेकायची नाही, हा नियम बिनतक्रार पाळावा.

विजेच्या बाबतीत ल्यूकस कंपनीची इंग्लंडात मनसोक्त थट्टा झाली आणि तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल झाली. पण गाडीतील विजेच्या तक्रारींची चौकशी केली, तर मूळ बहुधा गंजलेल्या जोडणीत वा सैल अर्थिंगमध्ये सापडते. सांधे घासून स्वच्छ केले, की राजपुत्राचे साम्राज्य बरेच आटोपते. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक शरीराला जोडलेले असे, त्यामुळे आजचे कोणतेही उपकरण त्यांना बसवण्यापूर्वी ही बाब आवर्जून पाहावी.

सुटे भाग, कायदा आणि इंधन

ग्रंथ आणि कौशल्य असूनही भाग मिळेनासे झाले, तर गाडीचा पुतळा होतो. याबाबत एम.जी.बी.चे भाग्य थोर. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे मूळ साचे हुडकून जमा केले आणि १९८८ पासून एम.जी.बी.चे संपूर्ण शरीर नव्याने घडवून विकायला सुरुवात केली. कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी त्याच गाडीचा नवाकोरा सांगाडा मिळू लागावा, ही मोटारींच्या इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट.

कायद्यानेही तेथे उदार धोरण स्वीकारले. चाळीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांना २०१८ च्या मे महिन्यापासून वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहिली. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ साली पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मुक्रर केली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नित्याच्या वा व्यापारी वापरास मनाई, असा तिचा तपशील आहे.

इंधनाचा प्रश्न मात्र उभयपक्षी बिकट. इंग्लंडात शिशाचे पेट्रोल २००० साली गेले, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घ्याव्या लागल्या. २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, आणि आपल्याकडे ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर आणि सील खाते. त्यावर उपाय आहे : नळ्या व सील इथेनॉल सोसणारे बसवावेत आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साचू देऊ नये.

निष्कर्ष

एकंदरीत विचार करता, जुनी मोटार टिकते ती मालकाच्या प्रेमाने, हे म्हणणे अपुरे ठरते. प्रेम सर्वांनाच असते. पण उघडता येईल असे यंत्र, वाचता येईल असे पुस्तक आणि विकत मिळेल असा भाग, ही त्रयी जेथे जुळली तेथेच प्रेमाला हात-पाय फुटले. आजच्या निर्मात्यांनी दुरुस्तीची माहिती कुलूपबंद करून ठेवायची आणि मालकाने हप्ते भरत राहायचे, हा जो नवा कारभार सुरू आहे, त्याच्या पार्श्वभूमीवर एम.जी.बी.चा हा धडा केवळ शौकिनांपुरता उरत नाही. ज्या वाचकांच्या घरी वडिलांची फियाट किंवा अँबेसिडर आच्छादनाखाली उभी असेल, त्यांना विनंती एवढीच, की ती भंगारात काढण्यापूर्वी तिचे पुस्तक मिळवावे, एक ग्रीस गन विकत घ्यावी, आणि ब्रेक व वेल्डिंगची कामे हात बसेपर्यंत जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखाली करावीत. असे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायचे, तर ते आत्ताच.