दुकानातला उजेड

गेल्या महिन्यात आमचा बेचाळीस इंची प्लाझ्मा गेला. आधी नुसता टक-टक आवाज, मग लाल दिवा, मग तोही नाही. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण न उघडताच सांगितलं, "काका, याचे बोर्ड मिळत नाहीत आता." भंगारवाल्याने मात्र उचलताना दाद दिली. तीसेक किलोंचं धूड, शेवटी किलोच्याच भावाने गेलं.

भिंत रिकामी झाली म्हणून नवा टीव्ही बघायला गेलो आणि जुनी खपली निघाली. तोच पांढराफेक उजेड, तीच पोपटांची आणि फुलांची भडक चित्रफीत, तोच पहिला प्रश्न : "बजेट किती?" खोली केवढी, उजेड कुठून येतो, बसणार किती लांब, हे कुणी विचारलं नाही. 2008 मध्येही विचारलं नव्हतं.

प्लाझ्माचं कूळ 1964 चं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी 'प्लेटो' नावाच्या शिकवणी-संगणकासाठी तो पडदा केला. पुढची काही दशकं नारिंगी अक्षरांचीच, ती सोडून देऊ. नव्वदीच्या शेवटी बेचाळीस इंची रंगीत पडदे बाजारात आले, तेव्हा किंमत ऐकूनच आपण चित्रनळीकडे परत वळलो होतो.

आयपीएलच्या पहिल्या वर्षी आम्ही धाडस केलं. एका दुकानात विक्रेता म्हणाला, "प्लाझ्मा नको साहेब, त्यातला गॅस दरवर्षी भरावा लागतो." फ्रीज असल्यासारखा! ही थाप त्या काळात गल्लोगल्ली चालली. खरं तर लाखो बारीक कप्पे काचेत कायमचे बंद असतात. वीज मिळाली की आतल्या निऑन-झेनॉनमधून अतिनील किरण निघतात आणि त्यांनी लाल, हिरवा, निळा फॉस्फर उजळतो. म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा. एलसीडीत मागे कायम उजेड आणि पुढे त्याला अडवणारी झडप. झडपेतून थोडा उजेड झिरपणारच. म्हणून प्लाझ्माचा काळा काळा आणि एलसीडीचा करडा.

पण हे कळायला अंधार लागतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्लाझ्माची काच आरसा व्हायची, एलसीडी मात्र झगमगायचा. लोक झगमगाट घेऊन घरी जायचे आणि रात्री दिवे मालवून सिनेमा बघायचे.

मला ज्याने प्लाझ्मा विकला, त्यानेही अर्धंच सांगितलं. 'एचडी रेडी' म्हणजे 1024 बाय 768 ठिपके, हे त्याने सांगितलं नाही. आपल्याकडे तेव्हा एचडी वाहिनीच नव्हती, हेही नाही. दूरदर्शनचं एचडी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांबरोबर आलं. तोवर केबलचं चौकोनी चित्र ताणून बघताना सगळ्या वृत्तनिवेदिका दोन वर्षं लठ्ठ दिसल्या. सुरुवातीचे शंभरेक तास कॉन्ट्रास्ट कमी ठेवायचा असतो, हेही मला उशिराच कळलं. तोवर आईच्या लाडक्या वाहिनीचं बोधचिन्ह उजव्या कोपऱ्यात कायमचं वस्तीला आलं होतं. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर त्याच्यापुढे हात टेकायचा आणि मे महिन्यात पडद्याजवळ बसलं की गाल तापायचे. दोष होतेच.

तरी 2 एप्रिल 2011 ची रात्र आठवते. वानखेडेवरचा अंतिम सामना, घरात इमारतीतली वीसेक माणसं, निम्मी जमिनीवर, काही स्वयंपाकघराच्या दारात. कोपऱ्यातून बघणाऱ्यालाही रंग तेच दिसत होते आणि चेंडूमागे शेपटी नव्हती. धोनीचा षटकार गेला, माणसं पांगली, तरी धावफलकाची पट्टी पडद्यावर पुसट उरली होती. ती बोच मी त्या रात्री आनंदाने सोसली.

तोवर वरचे दिवे मालवायला लागलेच होते. ज्यांच्या मालिकेचं नावच 'कुरो', म्हणजे जपानीत काळा, त्या पायोनियरने 2009 मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस प्लाझ्मा पडद्यांचं उत्पादन थांबवलं, सॅमसंगने 2014 मध्ये. वीज जास्त, वजन जास्त आणि फोर-केसाठी ठिपके बारीक केले की उजेड घटतो. चित्र वाईट म्हणून प्लाझ्मा गेला, असं मात्र कुणी सांगू नये.

आता दुकानात क्यूएलईडी मांडलेत. नाव नवं, आत तीच झडप. ओएलईडीत पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा आहे. किंमत दणदणीत आणि बोधचिन्ह उमटायची भीतीही परत आली आहे. वर रिमोट दाबला की कार्यक्रमाआधी जाहिराती. याला म्हणे 'स्मार्ट' म्हणायचं.

परवा मी विक्रेत्याला म्हटलं, "दोन मिनिटं दिवे मालव बाबा, मग ठरवतो." तो हसला. "काका, सगळ्या मजल्याचा स्विच एकच आहे." मी टीव्ही न घेता परत आलो. आई सध्या शेजारच्यांकडे मालिका बघते.