पोटरी हलती, तर शिरा हलक्या
वाहतूक पोलीस, शिक्षक, दुकानातील विक्रेते अशा दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा अनेकदा दिसतात. हा ‘व्हेरिकोज व्हेन्स’चा त्रास. आनुवंशिकता, गरोदरपण, वाढते वजन हीही त्याची कारणे आहेत.

पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. शिरांमधील झडपा ते खाली उतरू देत नाहीत. माणूस एका जागी उभा किंवा बसून राहिला, की पोटरीचे काम थांबते. साचलेल्या रक्ताने शिरा ताणल्या जातात आणि झडपा नीट मिटत नाहीत.

म्हणून अर्ध्या तासाने २० वेळा टाचा उचलाव्यात, थोडे चालावे. संध्याकाळी आडवे होऊन पाय १५ मिनिटे छातीपेक्षा उंच ठेवावेत. डॉक्टरांनी सुचवलेले घट्ट, लांब मोजे सकाळी, सूज येण्याआधीच चढवावेत.

या सवयींनी जडपणा आणि सूज कमी होते. फुगलेली शीर मात्र पूर्ववत होत नाही. घोट्याजवळची त्वचा काळवंडली किंवा जखम भरेना, तर तपासणी करून घ्यावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी तेल चोळत बसू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे.