मध्यवर्ती शिरेतील नळी : उपकार आणि उपद्रव

वाघोडियासारख्या गावी दवाखाना चालवताना शेतीच्या हंगामात हातखांदे दुखल्याची तक्रार नेहमीचीच. काही वर्षांपूर्वी असाच एक पन्नाशीचा शेतकरी माझ्याकडे आला. "साहेब, हाथ भारे लागे छे," एवढेच तो म्हणाला. डावा हात किंचित सुजला होता. कापूस वेचणीचे दिवस होते. ओझे उचलताना स्नायू आखडला असावा असे समजून मी गोळ्या आणि मलम दिले. चौथ्या दिवशी तो परत आला तेव्हा हात दंडापर्यंत फुगला होता. सदरा उतरवल्यावर छातीच्या डाव्या बाजूस निळसर शिरांचे जाळे दिसले आणि कॉलर-बोनखाली पट्टीने झाकलेली नळीही दिसली. मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी शहरात त्याचे डायलिसिस सुरू झाले होते. ते सांगणे त्याला सुचले नव्हते आणि विचारणे मला सुचले नव्हते. डॉप्लर तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी आढळली. त्या चार दिवसांची बोच हेच या लेखाचे कारण आहे.

नळी कशासाठी?

मान, छातीचा वरचा भाग किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून घातलेल्या या नळीस आपण 'सेंट्रल लाइन' म्हणतो. मान वा छातीतून घातल्यास तिचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेत असते. जर्मनीतील तरुण डॉक्टर वर्नर फोर्समन यांनी 1929 मध्ये स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. या धाडसाला 1956 मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज रक्तदाब टिकवणारी प्रखर औषधे, केमोथेरपी, शिरेवाटे पोषण आणि तातडीचे डायलिसिस यांसाठी ही नळी अनिवार्य ठरते. माझ्या रुग्णाचा जीवही तिनेच वाचवला होता, हे विसरता कामा नये.

गुठळी का होते?

रक्त गोठण्याची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने ओळखली जातात : शिरेच्या अस्तरास इजा, प्रवाहाची मंदगती आणि रक्ताची वाढलेली गोठणक्षमता. नळी घालताना अस्तर दुखावते, नळीमुळे प्रवाहाची वाट अरुंद होते आणि कर्करोग वा जंतुसंसर्ग यांसारख्या आजारात रक्त आधीच गोठण्यास उतावीळ असते. नळीभोवती काही दिवसांतच फायब्रिनचे आवरण चढू लागते. कधी त्यामुळे नळीच बंद पडते, तर कधी शिरेच्या भिंतीशी गुठळी धरते. अनेकदा ती मूक असते. लक्षणे दिसलीच तर त्याच बाजूचा हात, मान वा चेहरा सुजतो, जडपणा येतो, छातीवर शिरा उमटतात. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेल्यास अचानक दम लागतो.

गुठळी झाली म्हणून नळी लगेच काढावीच लागते असे नाही. ती नीट चालत असेल आणि तिची गरज असेल, तर रक्त पातळ करणारी औषधे देऊन ती ठेवता येते. हा उपचार सामान्यतः किमान तीन महिने चालतो. मात्र गुठळी टळावी म्हणून प्रत्येक नळीधारकास अशी औषधे सरसकट देणे योग्य नाही, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

इतर उपद्रव

नळी घालताना फुप्फुसास छिद्र पडून छातीत हवा भरणे किंवा शेजारच्या धमनीत सुई जाणे, हे धोके असतात. मानेच्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने ते बरेच कमी होतात. नळी उघडी राहिल्यास वा बसलेल्या स्थितीत काढल्यास हवा शिरेत शिरू शकते. म्हणून नळी काढताना रुग्णास आडवे झोपवावे आणि जागा घट्ट दाबून हवाबंद पट्टी लावावी.

सर्वांत घातक म्हणजे रक्तातील जंतुसंसर्ग. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत पाच साधे नियम काटेकोर पाळले गेले : हात धुणे, निर्जंतुक गाऊन-मोजे-चादर वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघ टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संसर्गाचे प्रमाण 66 टक्क्यांपर्यंत घटले. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णाबाबत आणखी एक पथ्य आहे. कॉलर-बोनखालची शिर पुढे आकसली तर त्या हातावर फिस्टुला नीट चालत नाही. म्हणून तेथे नळी शक्यतो टाळावी आणि मानेच्या उजव्या बाजूस प्राधान्य द्यावे. या रुग्णांच्या हाताच्या शिरा रक्त काढून वा सलाइन लावून खराब करू नयेत. गरज पडल्यास पंजाच्या मागील शिर वापरावी.

घरच्यांसाठी

आपल्या तालुक्यात पिपरिया आणि लिमडा येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, वडोदरा शहरही जवळ आहे. नळीसह घरी परतणारे रुग्ण म्हणूनच खेड्यापाड्यांतही भेटतात. त्यांच्या घरच्यांनी पट्टी कोरडी ठेवावी आणि डायलिसिसच्या नळीतून इतर इंजेक्शने देऊ देऊ नयेत. थंडी वाजून ताप, विशेषतः डायलिसिस सुरू होताच आलेला, किंवा हात-मानेची सूज अंगावर काढू नये. नळी निसटल्यास रुग्णास आडवे करून जागा स्वच्छ कापडाने घट्ट दाबावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी नळीचा उल्लेख आधी करावा.

माझ्या रुग्णाची सूज औषधांनी उतरली. पण तो उजव्या हाताने काम करणारा. फिस्टुला डाव्या हातावर व्हायचा, तो शेवटी उजव्यावर करावा लागला. विळा धरणारा हात त्याला कायमचा जपावा लागत आहे.

नळी घालणाऱ्या हातांचे कौशल्य मोठेच, पण "आज हिची गरज आहे का?" हा प्रश्न रोज विचारणे त्याहून कमी मोलाचे नाही. आणि आम्हा गावच्या डॉक्टरांनी सुजलेला हात पाहताना आधी सदरा उतरवायला सांगावा.